भावोजींचं बसणं

माझ्या ताईच्या नवऱ्याने आयुष्यभर एकच काम केलं. ते बसले. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. टोमणे मी त्यांना वेगळे मारते, आणि मेहुणी म्हणून तो माझा हक्कच आहे. पण खुर्च्यांच्या कारखान्यात भावोजींची नोकरी खरोखरच बसण्याची होती. सकाळी डबा घेऊन निघायचं, कारखान्यात जाऊन बसायचं आणि संध्याकाळी दमून घरी यायचं. घरी आले की मात्र ते उभे राहायचे. खिडकीशी उभं राहूनच चहा प्यायचे. "दिवसभर बसून बसून जीव जातो गं," असं ते म्हणाले, की दिवसभर शिलाई मशीनवर वाकून पडदे शिवणारी माझी ताई त्यांच्याकडे अशी बघायची की कपातला चहा गार व्हावा.

खुर्च्यांच्या प्रत्येक खेपेतली एक खुर्ची चाचणी खोलीत यायची. त्या खोलीत नोंदी ठेवायला मी होते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. भावोजी आधी साहेबासारखे बसायचे, म्हणजे धाडकन. मग पाहुण्यासारखे, नुसते कडेवर. मग दमलेल्या माणसासारखे, अंग सोडून, मागे रेलून, एक पाय लांब टाकून. शेवटी जरा डावीउजवीकडे डुलायचे, डोळे मिटायचे आणि उठून म्हणायचे, "ठीक." नाहीतर, "नाही." मी ते लिहायचे. त्या एका शब्दावर अख्खी खेप गाडीत चढायची किंवा परत सुतारांकडे जायची.

हे असं का, तर मानकात तसं म्हटलं होतं. मानक म्हणजे खुर्ची करणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी पुढची भांडणं टाळायला आधीच करून ठेवलेला समझोता. चांगली खुर्ची कशाला म्हणायचं आणि ते कसं तपासायचं, एवढंच त्यात असतं. आमचं मानक फार जुनं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सामान्य बांध्याच्या प्रौढ माणसाने खुर्चीवर बसावं, रेलावं, उठावं आणि मत द्यावं. सामान्य बांधा म्हणजे कसा, हे लिहिणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला बहुधा तो आपलाच वाटला असावा. आमच्या मालकांनी भावोजींना कामावर घेतलं त्या दिवशी काट्यावर उभं केलं, काट्याने दाखवलेला आकडा चाचणी खोलीच्या भिंतीवर लाल रंगाने रंगवून घेतला, आणि तेव्हापासून आमच्यापुरता सामान्य माणूस म्हणजे भावोजी. दर सोमवारी त्यांचं वजन व्हायचं. भरलं जास्त, तर कॅन्टीनवाला त्यांना ताक देऊन बोळवायचा. भरलं कमी, तर दोन माणसांचं जेवण वाढायचा आणि समोर उभा राहून संपवून घ्यायचा.

माणूस म्हणून ते कसे, ते सांगते. लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बाबांनी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पुढे केली. भावोजी बसले, डुलले, डोळे मिटले. आईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. मग ते उठून बाबांना म्हणाले, "मागचा उजवा पाय जाणार आहे. वजनदार माणसाला बसवू नका." बाबांना भयंकर राग आला. थोड्याच दिवसांत त्याच खुर्चीवरून बाबांच्या ऑफिसातले मोठे साहेब चहाच्या कपासकट जमिनीवर आले. बाबांची बढती गेली ती गेलीच, पण हा मुलगा तोंडावर खरं बोलतो एवढं ताईला पटलं आणि तिने होकार दिला. पुढे नात्यागोत्यात भावोजींचा एवढा दरारा झाला, की ते दारात दिसले की लोक खुर्च्या आतल्या खोलीत सरकवून चटई अंथरायचे.

त्यांच्या स्वतःच्या वडिलांना मात्र हे काम कधी पटलं नाही. ते सुतार होते. "मी खुर्च्या करून घर चालवलं, हा त्यांच्यावर बसून चालवतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. भावोजी हसण्यावारी न्यायचे. पण ते त्यांना लागलेलं होतं. कुणी विचारलं, काय करता, तर "चाचणी विभागात आहे" म्हणायचे आणि चटकन विषय बदलायचे.

मग यंत्र आलं.

ते आणलं आमच्या नव्या इंजिनियर बाईंनी. त्याला रबरी बूड होतं, वर लोखंडी कणा, आणि हवेच्या दाबावर ते खुर्चीवर बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं. ना चहा, ना लघवी. खुर्चीच्या कुठल्या सांध्यावर किती ताण येतो ते शेजारच्या स्क्रीनवर दिसायचं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'जावई', कारण ते नुसतं बसून असायचं आणि सगळे त्याच्या दिमतीला उभे. पहिले काही दिवस भावोजी त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. कधीतरी हे दमेल अशी त्यांना आशा होती. नंतर एका दुपारी त्यांनी पास केलेली खुर्ची जावयाने संध्याकाळपर्यंत बसून बसून मोडली. भावोजींनी तुटलेला सांधा हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं बसतं हे. आज धड असलेली खुर्ची वर्षाने दगा देणार, हे मला कसं कळणार? हा वर्षभराचं बसणं दिवसात बसतो." त्यांच्या मनाचा मोठेपणा मी तेव्हा पाहिला. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत, तेही पाहिलं.

आता जावई आला, भावोजी सुटले, असं कुणालाही वाटेल. पण आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अडून बसलं. त्यांचा माणूस म्हणाला, "मानकात माणूस म्हटलंय. हा माणूस आहे का?"

"माणसापेक्षा चांगलं आहे," मालक म्हणाले.

"असेल हो. पण उद्या प्रत्येक कारखाना आपापलं यंत्र आणणार आणि आपापलं चांगलं म्हणणार. मी कुणाचं खरं धरू?"

मालक त्याच्या नावाने बोटं मोडत बसले, पण इंजिनियर बाई म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. सगळ्यांनी मिळून एक माप मानलं नाही, तर आपलं यंत्र या खोलीतलं खेळणंच." आणि त्या मानक समितीकडे गेल्या.

समिती म्हणजे एका लांब टेबलाभोवती बसलेली माणसं. अध्यक्ष होते, ते प्रत्येक बैठकीत मागच्या बैठकीला मान्यता देण्यात जेवणाची वेळ आणायचे. कारखानदार होते, गिऱ्हाइकं होती. आणि एक गादीवाले होते. ते कधीकाळी गाद्यांच्या समितीला म्हणून आले, चुकून या खोलीत शिरले, आणि नेमकी एका माणसाची कमी असल्यामुळे त्यांना कुणी उठू दिलं नाही. तेव्हापासून ते येत होते आणि कधीच काही बोलले नव्हते.

समितीचं म्हणणं सरळ होतं. नवी पद्धत घ्यायची, तर ती जुन्या पद्धतीइतकी खरी आहे हे दाखवा. जुनी पद्धत म्हणजे काय? माणूस. कुठला माणूस? शोध घेतला तेव्हा कळलं की बाकीच्या कारखान्यांतले बसणारे कधीच निवृत्त झालेत, एकाने दुकान टाकलंय आणि एक तर राजकारणात गेलाय. सगळ्या उद्योगात अस्सल बसणारा एकच उरला होता. समितीने ठराव केला: भावोजी हे 'संदर्भ'. सारख्याच खुर्च्यांचे संच गावोगावच्या प्रयोगशाळांत जातील, अर्ध्या खुर्च्यांवर तिथे बसवलेलं तसंच यंत्र भावोजींइतक्याच वेळा बसेल, अर्ध्यांवर भावोजी. दोघांची मतं सगळीकडे जुळली, तर यंत्र खरं आणि नवं मानक मंजूर. आणि ते मंजूर होईपर्यंत संदर्भात कसलाही बदल होता कामा नये. वजनात तर नाहीच नाही.

भावोजींनी हे ऐकलं आणि ते एकदम ताठ झाले. ज्या माणसाला सख्ख्या बापाने बसकं म्हणून हिणवलं, तो आता सगळ्यांचं माप झाला होता. "आज वडील असायला हवे होते," ते मला म्हणाले. मी नेमकी तेव्हाच चेष्टा करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. भावोजींच्या शर्टावर चिकटपट्टी लागली: 'संदर्भ. हलवू नये.' बसमध्ये त्यांच्या शेजारची अर्धी जागा रिकामी असायची, पण लोक ती चिकटपट्टी वाचून उभ्यानेच प्रवास करायचे. जरा सरका म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. त्यांच्यासोबत सूचनांचा कागद आला. थेट उन्हात ठेवू नये. आपटू नये. पृष्ठभागाला हात लावू नये. पृष्ठभाग कुठला, हे ताईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नव्या प्रयोगशाळेत गेलं की तिथल्या हवेशी जुळवून घ्यायला त्यांना काचेच्या खोलीत पितळी वजनांच्या शेजारी दिवसभर ठेवायचे. संदर्भाची ने-आण अधिकृत माणसाने करायची म्हणून माझी नेमणूक झाली. संध्याकाळी मी त्यांना घरी पोचवायचे आणि 'चांगल्या स्थितीत मिळाले' म्हणून ताईची सही घ्यायचे.

एके दिवशी ताईने सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं, 'चांगल्या स्थितीत नाहीत. दम लागतो.'

खरंच लागत होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर भावोजी थांबायचे आणि कठडा हलवून बघायचे. आम्हाला वाटायचं, सवय. ताईला मात्र कळलं होतं की कठडा हे निमित्त आहे. तिचा शेरा मी नियमाप्रमाणे समितीकडे पाठवला. समितीने गंभीरपणे चर्चा केली आणि उत्तर आलं: 'दम हा या चाचणीच्या कक्षेत येत नाही.'

ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले, कारण संदर्भाने एकट्याने फिरायचं नव्हतं. डॉक्टरांनी छाती तपासली, कागद बघितले आणि सांगितलं, "हृदयाला हा भार झेपत नाही. वजन उतरवा, आणि लगेच उतरवा. मी घाबरवत नाही, पण तुम्ही घाबरा." हे ऐकत असताना भावोजी पेशंटच्या खुर्चीवर डावीउजवीकडे डुलत होते. म्हणाले, "डॉक्टर, ही खुर्ची बदला. पुढचा सांधा सुटत आलाय." ताईने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती. तिला एवढी घाबरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर दोघांची जुंपली.

"उतरवीन गं. मानक होऊ दे एकदा."

"कधी होणार?"

"होईल. समितीत आहे."

"मागची बैठक कशावर झाली?"

"त्याच्या मागच्या बैठकीवर," भावोजी म्हणाले आणि कप घेऊन खिडकीशी गेले. तिकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यासाठी सगळं अडलंय. मी हललो तर पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बसण्याला किंमत आलीय, आणि तू मला हलायला सांगतेस."

ताई उठली. मशीनवर बसली. पडद्याची झालर सरळ पडावी म्हणून खालच्या शिवणीत शिशाच्या चपट्या चकत्या घालतात; तिच्या डब्यात त्या ढिगाने होत्या. तिने भावोजींची कारखान्यातली पँट घेतली, आतून बुडाशी आणि मांड्यांशी दुहेरी अस्तर लावलं आणि त्यात ओळीने चकत्या शिवायला लागली. "ही घाला. घरी आजपासून मी देईन तेवढंच जेवायचं. तुम्ही जेवढे उतराल, तेवढ्या चकत्या वाढतील. काट्याला काय, वजन हवं. वजन असेल."

"ही फसवणूक आहे," भावोजी म्हणाले.

"कुणाची? खुर्चीची?"

"पण वजन तेच तर उचलायचं. मग फरक काय पडला?"

"ही संध्याकाळी खुंटीला टांगता येते," ताई म्हणाली. "पोट टांगून दाखवा."

भावोजी परत बाहेर बघायला लागले, एक हात छातीवर ठेवून. मशीन चालूच होतं. ताईची शिवण म्हणजे पट्टी ठेवून ओढलेली रेघ, पण त्या दिवशी डाव्या बाजूला, मागच्या खिशाच्या खाली, शिवण एकदम भरकटली आणि पुन्हा जागेवर आली. "ताई, इथे वाकडं गेलंय," मी म्हटलं. ती शिवणीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे खिडकीकडे होते, भावोजींच्या पाठीवर. "जाऊ दे," म्हणाली. "आत कोण बघतंय."

भावोजींनी पँट घातली. ती पट्ट्याने तोलली जाईना, तेव्हा ताईने तिला खांद्यावरून जाणारे गॅलिस लावले.

त्यानंतर आम्ही प्रयोगशाळांमागून प्रयोगशाळा फिरलो. भावोजी उतरत गेले, पँट भरत गेली. त्यांचे गाल आत गेले, मान दिसायला लागली, जिन्याचे कठडे हलवणं कमी झालं. ताई त्यांना मोजून वाढायची आणि चकत्याही मोजून शिवायची. दोन्हीची बेरीज भिंतीवरच्या लाल आकड्याला चिकटून असायची. पूर्वी भावोजींना नुसती सर्दी झाली तरी काटा हलायचा. आता तो जागचा हलेना. इंजिनियर बाई हरखून गेल्या. "काका, संदर्भ असावा तर असा! आणि चेहऱ्यावर किती तेज आलंय. तेवढ्याच वजनात कसं काय जमवलंत?"

"तुमच्या काकू घरी लक्ष देतात," भावोजी म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते, पण सुखीही नव्हते. एकदा बसमध्ये मला म्हणाले, "पूर्वी बसायचो तेव्हा खुर्ची कुठे दुखतेय ते अंगाला कळायचं. आता मधे हे शिसं. अर्धं बसणं माझं राहिलंच नाही." मी म्हटलं, "भावोजी, अर्धा श्वास तर परत आला ना?" त्यावर ते थोडे हसले. पण मला खरोखर वाईट वाटलं, हे कबूल करते.

शेवटी सगळ्या प्रयोगशाळांचे निकाल आले. जुळले! जावई म्हणे ठीक तिथे भावोजी ठीक, जावई म्हणे नाही तिथे भावोजी नाही. आता एकच उरलं होतं: समितीसमोर एकदा प्रत्यक्ष बसून दाखवायचं आणि मंजुरी घ्यायची. ताईही आली होती. नवऱ्याच्या बसण्याचा हा शेवटचा दिवस बघायचा म्हणून ती दाराशी उभी होती.

टेबलापुढे खुर्ची मांडली. भावोजी साहेबासारखे बसले. पाहुण्यासारखे बसले. दमलेल्या माणसासारखे बसले. डुलले, डोळे मिटले. मग "ठीक" म्हणण्यासाठी रुबाबात उठले, आणि गॅलिसचं बटण तुटलं.

पँट खाली गेली. साधी पँट खाली गेली असती तर लोक शरमेने दुसरीकडे बघतात. ही दणका देऊन गेली. टेबलावरचे पेले किणकिणले. आणि ती जमिनीवर पसरली नाही. घट्ट भरलेली होती, ती तशीच उभी राहिली. भावोजी तिच्यातून पाय काढून बाजूला झाले. एकीकडे पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला एक बारीक माणूस, दुसरीकडे धष्टपुष्ट पँट. समिती कधी याच्याकडे बघायची, कधी तिच्याकडे. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, तरी दोघं वेगळेच दिसत होते.

तेवढ्यात गादीवाले बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मग इतके दिवस खुर्चीवर बसत कोण होतं?"

त्या प्रश्नाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मालकांनी डोक्याला हात लावला. गिऱ्हाईक म्हणालं, सगळं रद्द करा. ताई दारातून पुढे आली आणि म्हणाली, "पँट मी केलीय. त्यांना काही बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरलं नाही तर माणूस जाईल. तुम्ही म्हणालात, वजन उतरलं तर मानक जाईल. मी दोन्ही ठेवलं." आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल तर मी यांना एक दिवसही पाठवणार नाही, असंही तिने सांगितलं.

इंजिनियर बाई मघापासून आकड्यांची चवड चाळत होत्या. त्यांनी मान वर केली. "आकडे खोटे नाहीत," त्या म्हणाल्या. "उलट इतके स्थिर आकडे मी कधी पाहिले नाहीत. प्रत्येक प्रयोगशाळेत बेरीज तीच होती."

"पण संदर्भ बदलला," अध्यक्ष म्हणाले.

"माणूस बदलला."

"मग संदर्भ कोण?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू पँटकडे वळल्या. ती शांत उभी होती. तिला दम लागत नव्हता, तिला सर्दी होत नव्हती, तिला निवृत्त व्हायचं नव्हतं, आणि वजन कमी पडलं तर तिच्यात चकत्या घालता येत होत्या. अध्यक्षांनी ठराव मांडला: सर्व तुलना या पँटच्या उपस्थितीत झालेल्या असल्यामुळे पँट हाच संदर्भ धरावा, तिच्यातून माणूस वगळून तेवढं शिसं भरावं, आणि यापुढे प्रत्येक यंत्र रोज सकाळी अशा पँटवर पारखून मगच कामाला लावावं. ठराव एकमताने मंजूर झाला. गादीवाल्यांनी हात वर केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

भावोजी चड्डीवर उभे होते. "म्हणजे मी नको?" त्यांनी विचारलं.

"तुमची आता गरज नाही," अध्यक्ष फार प्रेमाने म्हणाले.

भावोजींचा चेहरा पडला. आणि ताई, माझी कडक ताई, सगळ्या समितीसमोर ढसाढसा रडायला लागली. आनंदाने. नवऱ्याची कुणाला गरज नाही हे ऐकून एवढी आनंदलेली बाई त्या खोलीने त्याआधी पाहिली नसेल. मी भावोजींना माझी ओढणी दिली. ती कमरेला गुंडाळून ते घरी आले.

नवं मानक छापून आलं आणि खरोखर सगळं मार्गी लागलं. गिऱ्हाइकाने आकडे मानले, कारण आता ते कुण्या एका कारखान्याचे नव्हते. गावोगाव जावई बसले. आमच्या खुर्च्या सुधारल्या. नात्यातल्या लोकांनी लपवलेल्या खुर्च्या बाहेर काढल्या. भावोजींना यंत्रावर देखरेखीचं काम मिळालं. ते दिवसभर उभ्याने असतं. त्यामुळे संध्याकाळी घरी आले की ते बसतात. ताईच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसतात आणि तिच्या हातातल्या पडद्याचं दुसरं टोक धरतात. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवरा घरात बसलेला दिसतो, असं ताई सगळ्यांना सांगते.

पुढे एकदा इंजिनियर बाईंचा निरोप आला: काकूंनी जरा येऊन जावं, अडचण आहे. मानक संस्थेत मूळ पँट काचेच्या कपाटात ठेवली होती. शेजारी भिंतीवर तिची मोठी आकृती. समोरून, मागून, आतून, मापांसकट. आम्ही तिघं तीन मजले चढून गेलो. भावोजींनी एकही कठडा हलवला नाही.

अडचण अशी होती, की सगळ्या प्रयोगशाळांना हुबेहूब पँटी लागत होत्या आणि त्या शिवणाऱ्या बाईच्या पँटी एकामागून एक नापास होत होत्या. डाव्या बाजूला, मागच्या खिशाच्या खाली, आकृतीत शिवण भरकटून परत येत होती. ते वळणही मापांसकट मानकात गेलं होतं. खाली टीप होती: 'भार विभागण्यासाठी.' शिवणारी बाई रडकुंडीला आली होती. सरळ शिवलं तर नापास, खडूने आखून शिवलं तर वळण फारच देखणं, म्हणून नापास.

"अहो, ते चुकलंय," ताई म्हणाली. "उसवून सरळ करून देते. दोन मिनिटांचं काम."

"आता नाही करता यायचं, काकू," इंजिनियर बाई कासावीस होऊन म्हणाल्या. "बदलायचं तर परत समिती, परत सगळ्या प्रयोगशाळा. तुम्ही पूर्वी शिवलंत तसंच एकदा शिवून दाखवा ना."

ताई तिथल्या मशीनवर बसली. शिवणारी बाई जवळ सरकली. "हे बघ," ताई म्हणाली, "आखायचं नाही. हात चालू ठेवायचा आणि शिवणीकडे बघायचंच नाही."

"मग बघायचं कुठे?"

ताईने हनुवटीने दाखवलं. भावोजी खिडकीशी उभे होते, कुणीतरी दिलेला चहा पीत, पाठमोरे. खाली रस्त्यावर काहीतरी चाललं होतं ते बघून त्यांना हसू येत असावं. खांदे हलत होते. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि मशीन चालवत राहिली. मीही बघत होते. मग तिने दोरा तोडला आणि पँट पुढे केली.

इंजिनियर बाईंनी आकृती लावून शिवण मोजली. पुन्हा मोजली. "काकू," त्या अवघडून म्हणाल्या, "ही पण नापास होते. शिवण अगदी सरळ आलीय."

ताईने शिवणीवरून बोट फिरवलं आणि परत एकदा खिडकीकडे बघितलं.

"आता सरळच येणार," ती म्हणाली.